६४ घरं, एक डोंगरउतार आणि मधल्या पायऱ्या

मुळशीकडच्या उतारावरचं ते काम हाती आलं तेव्हा सिव्हिल थ्रीडी (रस्ते, जमिनीची आखणी करायचं सॉफ्टवेअर) वापरायला लागून मला चार वर्षं झाली होती. रस्ते, पावसाळी गटारं बरीच केली होती. इथे मात्र सहा आडव्या ओळींत ६४ घरं होती आणि प्रत्येक घराला स्वतःचा सपाट ओटा हवा होता. एका घराचा ओटा, भिंती आणि कडेचे उतार हाताने बसवायला मला पाऊण तास लागे. आर्किटेक्टने लेआउट हलवला की सहा दिवस पाण्यात. म्हणून मी डायनॅमोकडे वळलो; त्यात एकदा स्क्रिप्ट, म्हणजे कामाच्या सूचना, लिहिल्या की तेच काम सॉफ्टवेअर आपोआप करतं. २०२० च्या आवृत्तीपासून ते सिव्हिल थ्रीडीसाठी मिळतं.

नव्याने शिकणाऱ्यांना एक सांगतो: स्क्रिप्टला हात लावण्याआधी जमीन तपासा. आमचा सर्व्हे ड्रोनचा होता. फोटोंवरून केलेल्या सर्व्हेत ड्रोनला झाडोऱ्याचा माथा दिसतो, खालची माती दिसत नाही. करवंदीच्या जाळ्या होत्या तिथे सरफेसवर (सॉफ्टवेअरमधल्या जमिनीच्या नकलेवर) दीड-दोन मीटरचे उंचवटे आले होते. ऑटो लेव्हल घेऊन चाळीसेक ठिकाणी प्रत्यक्ष लेव्हल घेतल्या तेव्हा ते लक्षात आलं. स्लोप ॲनालिसिस, म्हणजे कुठे किती तीव्र उतार आहे याची तपासणीही, याच टप्प्यावर उरकून घ्या. आपल्याकडे १:५ पेक्षा तीव्र डोंगरउतारावर सर्वसाधारणपणे बांधकामाला परवानगी नसते. तिथे घरं बसवत बसणं म्हणजे वाया गेलेली मेहनत.

माझी पहिली स्क्रिप्ट साधी होती. प्रत्येक ओट्याच्या बंद पॉलिलाइनच्या (बाह्यरेषेच्या) आत दर दोन मीटरवर जमिनीची लेव्हल घ्यायची, सरासरी काढायची, तीच ओट्याची लेव्हल. काही मिनिटांत ६४ ओटे तयार. खोदाई आणि भरावाचे आकडे जवळपास सारखे आले आणि मला वाटलं, झालं काम.

मग एक्सेलमध्ये शेजारच्या घरांच्या लेव्हलमधला फरक काढला. तिसऱ्या ओळीत पाचव्या आणि सहाव्या घरात २.७ मीटर, सहाव्या आणि सातव्यात ०.४. तिथे डोंगराला एक घळ होती. स्क्रिप्टने प्रत्येक घर एकेकटं पाहिलं, त्यामुळे प्रत्येक घराचा हिशेब जुळला आणि मधोमध अशी भिंत उभी राहिली की तिचा खर्च कोणीच धरला नव्हता.

आमचं गाव आंबेगावच्या पश्चिमेला. तिथे उतार फोडून भाताची खाचरं करायची जुनी पद्धत आहे, पडकई. वरची माती ओढायची, खालच्या कडेला दगडी ताल, म्हणजे बांध, रचायचा, त्यामागे माती बसवायची. आजोबा ताल किती उंच जाईल हे आधी बघत, मग खाचराची रुंदी ठरवत. आणि पाणी खालच्या खाचरात कुठून उतरणार हेही आधीच ठरलेलं असे. मी नेमका उलटा निघालो होतो.

दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये सुरुवात पायरीपासून केली. शेजारच्या दोन ओट्यांत जास्तीत जास्त १.२ मीटर फरक, आणि तो १५० मिलिमीटरच्या पटीत, म्हणजे बाहेरच्या पायऱ्या नीट बसतात. रस्त्यापासून पार्किंगपर्यंतचा चढ १:८ पेक्षा तीव्र नको. ओळीच्या खालच्या टोकापासून वरपर्यंत एकदा आणि वरून खाली एकदा अशा दोन फेऱ्या मारून लेव्हल या मर्यादेत आणायच्या. पायथनच्या तीसेक ओळी पुरल्या. मातीकाम वाढलं, भिंती बऱ्याच उतरल्या, आणि एकूण खर्च कमी झाला.

खोदाई-भराव समान आणण्याचा हट्टही मी सोडला. अर्धं घर कातळावर आणि अर्धं ताज्या भरावावर असेल तर दोन्ही बाजू सारख्या खचत नाहीत, आणि भिंतीला तडे जातात. म्हणून घराचा भाग शक्यतो खोदाईत घेतला आणि भराव अंगणाकडे ढकलला.

आता सॉफ्टवेअरमधल्या दोन अडचणी. या दोन्हींत माझे दिवस गेले. टिन सरफेसमध्ये, म्हणजे त्रिकोण जोडून केलेल्या सरफेसमध्ये, एकाच बिंदूला दोन उंची देता येत नाहीत, त्यामुळे अगदी उभी भिंत त्यात बसत नाही. भिंतीचा माथा आणि पाया यांच्या फीचर लाइन्स (उंचीसकट काढलेल्या रेषा) प्लॅनमध्ये १० मिलिमीटर अंतरावर ठेवा. दुसरं, एकाच साइटमधल्या (साइट म्हणजे सॉफ्टवेअरमधला रेषांचा गट) दोन फीचर लाइन्स एकमेकींना छेदल्या की छेदबिंदूवर दोघींची उंची एक होते, आणि ज्या लाइनला शेवटी हात लावला तिची उंची टिकते. आमचे ओट्यांचे कोपरे असे गुपचूप वर-खाली होत होते. रस्ता आणि ओटे वेगवेगळ्या साइटमध्ये टाकल्यावर ते थांबलं.

आकडा आला म्हणून विश्वास ठेवू नका. व्हॉल्यूम सरफेसचं, म्हणजे सॉफ्टवेअरने काढलेलं खोदाई-भरावाचं उत्तर मी प्रत्येक ओळीत दोन घरांचे सेक्शन काढून हाताने ताडून बघतो. कंटूर (समान उंचीच्या रेषा) पाव मीटरवर आणून भिंतीजवळ नजर फिरवली की भिंत ओलांडून गेलेले त्रिकोण लगेच दिसतात.

स्क्रिप्ट शिकण्याची घाई करू नका. सरफेस आणि फीचर लाइन हाताशी पक्क्या बसू द्या, निदान पाच-सहा घरं हाताने करा, आणि करताना प्रत्येक निर्णय का घेतला ते मराठीत वहीत लिहा. माझ्या स्क्रिप्टमधली प्रत्येक अट आधी त्या वहीत होती.

वळणावरची सात घरं मी शेवटपर्यंत हातानेच केली. तिथे दोन रस्त्यांच्या लेव्हल आणि घळीचं पाणी एकत्र येत होतं. त्यांच्या फीचर लाइन्सना वेगळं नाव दिलं, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली तरी ती त्यांना हात लावत नाही.