शाळेत परसबाग करताय? मेथीपासून सुरू करा

जूनमध्ये दोन पाऊस झाले की वाफे करायला घ्या, पण रुंदी ३ फुटांच्या वर नको, पोरांचा हात मधोमध पोचत नाही मग ती आत पाय टाकतात आणि माती दबते. वाफे जरा उंच करा, पाणी साचलं की मेथी सडते. खिचडी खाऊन हात धुतात त्या नळाचं पाणी चारी काढून सरळ अळूला सोडा. पहिलीच्या पोरांना मेथीच द्या, चार-पाच दिवसांत उगवते, महिन्याभरात खिचडीत पडते, तेवढा धीर त्यांना असतो. भेंडी-गवार मोठ्या वर्गांना. गावातल्या आज्यांना नक्की बोलवा, राखेत ठेवलेलं गावठी बी त्यांच्याकडंच मिळतं. आणि दिवाळीच्या सुट्टीत पाणी कोण घालणार ते आधीच ठरवा, आमची सगळी वांगी तेव्हाच वाळली, पोरं रडली हो.