झेब्रा हॉवर्थिया: परतीचा पाऊस सरल्यावरची कामं (बेळगाव सीमाभाग)

दसरा-दिवाळीच्या आसपास पाऊस उघडला की नर्सरीवाल्यांनी पहिलं काम हातात घ्यावं ते हॉवर्थियाच्या कुंड्या बदलण्याचं. हे कोरफडीच्या कुळातलं, मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप भागातलं छोटं झाड. तिकडे ते झुडपांच्या आडोशाला वाढतं. त्यामुळे भर दुपारचं ऊन त्याला मानवत नाही, पानं विटकरी-लाल पडतात. आपल्याकडे थंडीत पाला करपवणारं हिमकण पडत नाही, ही मोठी सोय आहे.

आधी ओळख पक्की करा, कारण घाऊक बाजारात यावर बराच घोळ आहे. ‘फॅसिएटा’ जातीचं म्हणून येणारं बहुतेक रोप ‘अटेन्युएटा’ जातीचंच असतं. पानाच्या आतल्या, म्हणजे वर दिसणाऱ्या बाजूवरून बोट फिरवा. खडबडीत पांढरे ठिपके लागले तर अटेन्युएटा, गुळगुळीत लागलं तर फॅसिएटा. पानाच्या बाहेरच्या बाजूला पांढरे पट्टे दोघांनाही असतात, म्हणून नुसतं लांबून बघून चालत नाही. २०१३ साली या दोन्ही जाती ‘हॉवर्थिऑप्सिस’ या वेगळ्या प्रजातीत गेल्या. तरी गिऱ्हाईक हॉवर्थियाच म्हणणार, पाटीवर तेच लिहिलं तरी बिघडत नाही. जात मात्र खरी लिहा. अजून एक नकलाकार म्हणजे लेस अ‍ॅलो: पानाच्या कडेला मऊ पांढरे दात, टोकाला केसासारखा धागा आणि फूल केशरी. हॉवर्थियाचं फूल लहान, पांढरं, हिरवट-तपकिरी रेघांचं, बारीक लांब दांडीवर येतं. बी धरायचं नसेल तर फुलं सुकताच दांडी काढून टाका.

आता माती. अथणी-चिक्कोडीकडची काळी माती कुंडीत अजिबात घालू नका. ती पाणी धरते आणि वाळल्यावर घट्ट आवळते. नदीची जाड वाळू, विटांचा किंवा जांभ्याचा चाळलेला चुरा आणि थोडं कुजलेलं शेणखत किंवा कोकोपीट पुरे. खडा निम्म्याहून जास्त असावा. खानापूर, जांबोटीच्या पट्ट्यात जांभा पायाखालीच आहे, तो विकत आणायची गरज नाही. बारीक धूळ मात्र चाळून टाकाच, नाहीतर तळाची भोकं बुजतात.

कुंडी उपडी केल्यावर मुळं बघा. जाड, पांढरट, टणक मूळ चांगलं. तपकिरी, पोकळ झालेलं कापून टाका. कुंडीच्या आतल्या भिंतीला पिठासारखा पांढरा थर दिसला तर तो मुळावरचा पिठ्या ढेकूण आहे. अशी रोपं लगेच वेगळी काढा, मुळं धुऊन सावलीत सुकवा, जुनी माती फेकून द्या. पानांच्या बेचक्यातला ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपता येतो. नवीन आणलेला माल दोन-तीन आठवडे जुन्या मालापासून लांबच ठेवावा.

बुडाशी फुटलेली पिल्लं (छोटी रोपं) याच वेळी सोडवा. स्वतःची मुळं फुटलेलीच घ्या, जखम तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या, मग तीन इंची कुंडीत लावा. पहिला आठवडाभर पाणी नको. पुढे थंडीत कुंडी उचलून हलकी लागली की तळातून वाहेपर्यंत पाणी द्या, नाहीतर थांबा. रोज शिंपडण्याची सवय असेल तर ती या झाडापुरती मोडावी लागेल.

पन्नास टक्के शेडनेट उन्हाला पुरते, पण पाऊस ती अडवत नाही. पश्चिमेकडच्या गावांनी जूनच्या आत वर पॉलिथिनचं छप्पर आणि बाजू मोकळ्या, अशी सोय करून ठेवावी. सतत भिजलेल्या गाभ्यात कूज धरली की वरून औषध मारून फारसं काही हाती लागत नाही.

कोल्हापूर-गोव्याला माल पाठवायचा असेल तर चार-पाच दिवस आधी पाणी तोडा आणि रोपं मातीतून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो.