कुदळ मारण्याआधी: वस्तीतल्या शाळेच्या परसबागेची तयारी

जागा शोधण्यापासून सुरुवात करायचा मोह सगळ्यांना होतो. त्याआधी नळ कुठे आहे आणि सुट्टीच्या दिवशी फाटकाची किल्ली कुणाकडे असते, ते बघा. गोव्यातल्या बायणा, झुआरीनगर, मोतीडोंगर किंवा चिंबलचं इंदिरानगर, अशा वस्त्यांतली मुलं येतात त्या शाळांना अंगण बेताचंच असतं. तरी कमी जागेत बाग तगते. तिचा जीव घेते ती सुट्टी.

म्हणून पहिल्या बैठकीत मुलांसमोर कॅलेंडर ठेवा. चतुर्थीची सुट्टी पावसात येते, तेव्हा पाण्याची काळजी नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पेरलं तर मध्ये उरतो नाताळ, आणि तो कोरडा. त्या दिवसांत पाणी कोण घालणार, त्यांची नावं पेरण्याआधी फळ्यावर लिहून घ्या. शाळेला लागून राहणारी दोन-तीन मुलं आणि एखादी आई पुरते. मे महिन्याशी भांडू नका. बरीच कुटुंबं तेव्हा कर्नाटकात गावी जातात. एप्रिलअखेर वाफे रिकामे करून त्यांवर पाचोळा आणि माडाची चुडतं अंथरून द्यावीत. वरच्या वर्गांचं वर्ष २०२५पासून एप्रिलमध्येच सुरू होतं, त्यामुळे नवी समिती निवडायला हेच दिवस बरे.

समिती मुलांचीच हवी, नाहीतर बाग शिक्षकांची होते आणि मुलं फक्त पाणी वाहतात. सहावी ते आठवीतली घ्या. दहावीची मुलं जानेवारीनंतर हाती लागत नाहीत. काय पेरायचं, पाळी कुणाची, काढलेली भाजी कुणाच्या घरी, हे तीन निर्णय त्यांच्यावर सोडा, चुकीचे वाटले तरी. धारदार अवजारं, परवानग्या आणि पैशांचा हिशेब मोठ्यांनी सांभाळावा. पालक-शिक्षक संघाला आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवून ठेवावं. केंद्र सरकारने २०१९मध्ये शाळांतल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, अर्जात तेवढा उल्लेख पुरतो. आणि प्रत्येकाला घरी एक प्रश्न विचारून यायला सांगा: गावी शेतात काय पिकायचं? गवंड्याच्या हाताखाली काम करणारे कितीतरी आईबाप मुळात शेतकरी आहेत. घरी कन्नड किंवा लमाणी बोलणारी, वर्गात गप्प बसणारी मुलगी त्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलते.

भाजीचं काय करायचं तेही आधीच ठरवा. गोव्यात माध्यान्ह आहार बहुतेक ठिकाणी स्वयंसाहाय्य गट बाहेर शिजवून शाळेत पोचवतात, त्यामुळे आपली जुडी त्या भांड्यात जाईल अशी आशा नको. वहीत पाळी लिहून ती घरी द्यावी हे मला पटतं. विक्रीच्या फंदात सुरुवातीलाच पडू नये; पैसे आले की मोठी माणसं मध्ये येतात.

आता माती. खाली जांभा असेल तर कुदळ दोन वितींवर खणखणते. खणत बसू नका, तुटके चिरे रचून वाफा उंच करा. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर; सपाट वाफ्यात रोपं कुजतात. आपली लाल माती आम्लधर्मी असते, तरी चुना डोळे झाकून टाकू नये. नमुना विभागीय कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्यावा. उत्तरेचं केंद्र जुन्या गोव्यात एला इथे आहे, दक्षिणेचं मडगावात. बांधकामाचा राडा किंवा जुन्या रंगाचे पापुद्रे पडलेल्या जागी पालेभाजी नकोच. तिथे गोणी वापरा: माती, शेणखत आणि बारीक केलेली नारळाची सोडणं, तळाला भोकं. सिमेंटची गोणी दोनदा धुवा. वास्कोकडच्या शाळांनी एक लक्षात ठेवावं: बंदरावरच्या कोळशाची भुकटी पानांवर बसते, भाजी भरपूर पाण्यात धुतल्याशिवाय घरी देऊ नये.

बियाणं पावसाआधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघावं. गावठी बी तिथे मिळतं. पहिली पेरणी तांबड्या भाजीची, म्हणजे लाल माठाची करा. महिन्याभरात कापायला येते, आणि मुलांचा धीर तेवढाच असतो. मात्र ती जुलैच्या झडीत पेरू नका, दिवाळीनंतर पेरा. सोबत मुळा, वाल, आणि हौस असेल तर मिरची. पावसात भेंडी, चिटकी (गवार), काकडी बरी.

उरलेलं सामान थोडकं: दोन कुदळी, दोन खुरपी, झारी, हातमोजे, घट्ट झाकणाचा पिंप. झाकणात कसूर नको. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात तयार होतो, म्हणून दर शुक्रवारी पिंप, बादल्या, कुंड्यांखालच्या थाळ्या उपड्या करण्याची पाळी वेगळी लावा. पायाला जखम असलेल्या मुलाला चिखलात उतरवू नये. पावसात उंदरांच्या मुताने लेप्टोच्या तापाची (लेप्टोस्पायरोसिस) भीती असते. गोगलगाई हातमोजे घालूनच वेचाव्यात. कीटकनाशकाची बाटली शाळेत आणूच नका. मावा पडला तर साबणाचं पातळ पाणी फवारा, नाही गेला तर रोप उपटा.

मार्चमध्ये दोन-चार झाडं न कापता बियांसाठी सोडायची आहेत. ती कुठली, हेही समितीनेच ठरवून दोरा बांधावा. नाहीतर कुणीतरी कौतुकाने तीच आधी कापतं.