जुन्या गाडीत नवा पेडल सेट बसवताना

जालन्याच्या भंगारातून नव्या मॉडेलचा क्लच-ब्रेक पेडलचा सेट स्वस्तात मिळाला, की बोल्टची भोकं जुळतात का एवढंच बघून लोक तो बसवतात. भोकं काय, ड्रिलनेही जुळतात! आधी बूस्टर, म्हणजे ब्रेकवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग, बघा. नव्या गाड्यांत बूस्टर असतो, म्हणून पेडलची लिव्हरेज, म्हणजे पेडल पायाचा जोर किती पट करतं ते, साधारण 4 पट ठेवलेली असते. बिनबूस्टरच्या जुन्या गाडीला 6 पटीच्या आसपास लागते. तसाच बसवला तर ब्रेक दगडासारखा लागतो. अशा गाडीत तो सेट घालूच नका.

दुसरं, पुशरॉड, म्हणजे पेडलचा दाब मास्टर सिलिंडरला (ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या पंपाला) पोचवणारा दांडा. पेडल सोडल्यावर त्यात किंचित ढिलाई हवीच. रॉड जरा लांब झाला तर मास्टर सिलिंडरचं ऑइल परतीचं भोक बंद राहतं, ब्रेक अर्धवट धरतात. मे महिन्यात बीडपर्यंत जाईस्तोवर ड्रम तापून वास सुटतो. म्हणून आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा, जॅक लावा आणि चाक हाताने मोकळं फिरतं का बघा.

क्लच केबलचा असेल तर हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचचं पेडल घेऊ नका. स्प्लिट पिन (जोड निसटू नये म्हणून टोकं वाकवून लावायची पिन) नवीच घाला. ब्रेकलाइटचा स्विच मात्र हमखास विसरतो, माझाही विसरला होता.