ट्रेलर बाजूला ठेवा: नव्या फ्लाइट सिम्युलेटरचा खरेपणा कसा जोखावा

ट्रेलरमध्ये सातारा दिसणार नाही, हे धरूनच चाला. आल्प्स दिसतील, मॅनहॅटन दिसेल, एखादं निळंशार बेट तर हमखास. अजिंक्यतारा किंवा सांगलीचा आयर्विन पूल दाखवायला कुणी जाहिरात काढत नाही. पण म्हणूनच नव्या फ्लाइट सिम्युलेटरची, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या प्रोग्रामची, परीक्षा आपल्या भागात घ्यावी. इथे कंपनीने खास मेहनत घेतलेली नसते, आणि खरं-खोटं कळायला आपल्याला कुणाला विचारावं लागत नाही.

खाली सांगितलेल्या गोष्टींपैकी काही आजच करता येतील, काही सिम्युलेटर हातात आल्यावर. प्री-ऑर्डरचं बटण दाबण्याआधी आणि नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला पुण्याला जाण्याआधी निदान पहिल्या तीन तरी उरकून घ्या.

१. वहीत चार रकाने पाडा

"रिअ‍ॅलिस्टिक आहे का?" असं विचारलं की उत्तर कायम "हो" येतं, त्यामुळे तो प्रश्नच सोडून द्या. त्याऐवजी जमीन, हवा, विमान आणि माणसं असे चार रकाने पाडा. माणसं म्हणजे कंट्रोल टॉवर आणि आकाशातली इतर विमानं. मग आपल्याला यातलं नेमकं काय हवंय, त्यावर खूण करा.

चारही रकान्यांत पैकीच्या पैकी मिळवणारा सिम्युलेटर अजून झालेला नाही. लॅमिनार रिसर्चचा एक्स-प्लेन पंख आणि प्रोपेलरचे लहान लहान तुकडे धरून प्रत्येक तुकड्यावरचा हवेचा जोर मोजतो. त्याची ख्याती विमानाच्या वागण्यासाठी आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरचा जोर बिंगच्या हवाई छायाचित्रांवर आणि नेटवरून येणाऱ्या जमिनीवर. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये बारकाईने बनवलेल्या विमानांच्या कॉकपिटमधला जवळजवळ एकेक स्विच चालतो. फ्लाइटगियर १९९७ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि दिसायला साधा असला तरी शिकायला चांगला आहे. कऱ्हाडच्या एखाद्या मुलीला पुढे वैमानिक व्हायचं असेल तर तिच्यासाठी 'विमान' आणि 'माणसं' हे रकाने महत्त्वाचे. आपलं घर वरून कसं दिसतं एवढीच हौस असेल, तर जमिनीचा रकाना बघा आणि बाकीच्यांचा घोर सोडा.

२. 'आज मिळणार' आणि 'नंतर येणार' वेगळं लिहा

मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर १८ ऑगस्टला आला तेव्हा त्यात व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून कॉकपिटमध्ये बसल्यासारखं बघण्याची सोय, नव्हती. पीसीवर ती डिसेंबरात आली. हेलिकॉप्टर आणि ग्लायडर यायला नोव्हेंबर २०२२ उजाडलं. तेव्हा मुलाखतींमध्ये "आमचा विचार आहे", "पुढे आणू" असं ऐकलं की ते थेट दुसऱ्या यादीत टाका, आणि पैसे फक्त पहिल्या यादीसाठी मोजा.

विमानतळांच्या आकड्यांचंही तेच. त्याच सिम्युलेटरमध्ये ३७ हजारांवर विमानतळ होते, पण हाताने बारकाईने घडवलेले स्टँडर्ड आवृत्तीत ३० आणि सर्वांत महाग आवृत्तीत ४०. उरलेले सगळे माहितीवरून आपोआप उभे राहिलेले. कऱ्हाडचं छोटं विमानतळ कोणत्या गटात बसेल, ते सांगायला नको.

३. ट्रेलर आवाज बंद करून बघा

संगीत गेलं की निम्मी भुरळ उतरते. मग एवढंच बघा: कॅमेरा कॉकपिटच्या आत किती वेळ आहे? चाकं धावपट्टीला टेकेपर्यंतचं लँडिंग न कापता दाखवलंय का? जमिनीपासून दोनशे फुटांवरून जाणारं एकतरी दृश्य आहे का? खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'अल्फा', म्हणजे काम अजून अर्धवट आहे, असं लिहिलंय का? बाहेरून, दुरून आणि संध्याकाळच्या उन्हात कुठलंही विमान देखणंच दिसतं.

४. जमीन: आपला तालुका उघडा

इथे जरा थांबावं लागेल, कारण सर्वांत जास्त अपेक्षाभंग इथेच होतो.

सिम्युलेटरमधली जमीन साधारणपणे तीन थरांची असते. तळाशी उंचीची आकडेवारी, तिच्यावर चादरीसारखा पसरलेला उपग्रहाचा किंवा विमानातून काढलेला फोटो, आणि त्यावर संगणकाने अंदाजाने उभी केलेली घरं-झाडं. निवडक शहरांसाठी चौथा प्रकार असतो, तो म्हणजे असंख्य फोटोंवरून घडवलेल्या त्रिमितीय इमारती. हे भाग्य साताऱ्याच्या वाट्याला येईल अशी आशा धरू नका.

पहिला थर तपासायला अजिंक्यतारा, सज्जनगड किंवा पाचगणीचं टेबल लँड घ्या. जगभराच्या उंचीची जी आकडेवारी सहज मिळते, तिच्यात २००० साली एंडेव्हर यानाने रडारने केलेल्या मोजणीचा मोठा वाटा आहे, आणि तिच्यात दर ३० मीटरला एक बिंदू आहे. आता आपल्या गडांचा माथ्याखालचा कातळकडा आठवा: सरळ उभा, तासलेला. तो दोन बिंदूंच्या मधे सापडला की त्याचा उतार होतो. सज्जनगड टेकाडासारखा गोल दिसला तर समजा की इथे जाडी आकडेवारी वापरली आहे. कडा कड्यासारखा दिसला तर कंपनीकडे खरोखर बारीक माहिती आहे, आणि ही मोठी गोष्ट आहे.

दुसऱ्या थरात ऋतूची गोची होते. पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग बसलेले असतात, त्यामुळे वरून स्वच्छ फोटो मिळतात ते बहुतेक कोरड्या महिन्यांतले. परिणामी तुम्ही सिम्युलेटरमध्ये तारीख सप्टेंबरची लावली तरी कासचं पठार बहुधा तपकिरी कातळच राहणार. फुलं नाहीत, ठोसेघरचा धबधबाही बहुधा नाही. कोयनेचा शिवसागर मे महिन्यात किती आटतो आणि काठाला मातीचे पट्टे कसे उघडे पडतात, हे आपण बघतो. सिम्युलेटरमध्ये पाण्याची पातळी बारमाही एकच. शेजारशेजारचे फोटो वेगळ्या महिन्यांतले असले तर एका शिवारात हिरवा ऊस आणि बांधापलीकडे सरळ रेषेत करपलेलं रान, असाही प्रकार होतो. शिवाय तो ऊस म्हणजे बहुधा जमिनीला चिकटलेला हिरवा रंग. पुरुषभर उंचीच्या उसात विमान उतरवावं लागलं तर काय होईल, ते तिथे कळणार नाही.

तिसऱ्या थराचं प्रसिद्ध उदाहरण मेलबर्नचं. खुल्या नकाशात कुणीतरी एका इमारतीचे मजले २ ऐवजी २१२ टाकले, आणि २०२० च्या सिम्युलेटरमध्ये साध्या वस्तीत सुळक्यासारखा मनोरा उभा राहिला. लोक तो बघायला मुद्दाम विमानं घेऊन गेले! आपल्याकडे उलट अडचण येण्याची शक्यता जास्त: जे आहे ते नकाशात नोंदलेलंच नसतं. म्हणून चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या शोधा. अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा मनोरा शोधा. सांगलीत १९२९ चा आयर्विन पूल दगडी कमानींसह आहे, की कृष्णेवर एक सपाट पट्टी टाकली आहे, ते बघा. कऱ्हाडचा प्रीतिसंगम तर अगदी नेमकी खूण. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन भेटतात, आणि तो आकार नदीच्या रेषा नीट आखल्याशिवाय जमत नाही.

उत्तम चाचणी म्हणजे पुण्याहून कऱ्हाडपर्यंत नकाशा आणि डोळे यांच्या भरवशावर जाणं. पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं. खऱ्या आयुष्यात हौशी माणसाला तिथून असं उठून जाता यायचं नाही, पण इथे कोण अडवतंय? साडेपाच हजार फुटांवर जा, हायवे डोळ्यांसमोर ठेवा. कात्रज, खंबाटकी, मग उजव्या हाताला अजिंक्यतारा, मग प्रीतिसंगम. सेसना १७२ या चार आसनी छोट्या विमानाने हे चाळीसेक मिनिटांचं काम आहे. जीपीएस बंद ठेवून पोहोचलात, तर सराव म्हणून ही जमीन पुरेशी खरी आहे, मग घरांची छपरं कोकणातली असोत की कॅलिफोर्नियातली.

५. विमान: कागदावरचे आकडे घ्या

"उडवताना खरं वाटतं" हे मत अशा माणसाचं असेल ज्याने खरं विमान हाताळलेलं नाही, तर त्याला फार किंमत देऊ नका. माझंही मत त्यातलंच समजा. पण आकडे कुणालाही तपासता येतात. सेसना १७२ एस जवळजवळ प्रत्येक सिम्युलेटरमध्ये असतं, आणि त्याच्या माहितीपुस्तिकेतले काही आकडे असे: फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर असताना वेगदर्शकावर साधारण ४८ नॉटला (ताशी सागरी मैल) स्टॉल, म्हणजे पंखांचा हवेतला आधार सुटणं, फ्लॅप पूर्ण खाली असताना ४० ला. समुद्रसपाटीला चढण्याचा दर मिनिटाला ७३० फूट. इंजिन बंद पडलं तर ६८ नॉट धरून तरंगत यायचं, आणि हजार फूट उंचीमागे सुमारे दीड सागरी मैल पल्ला मिळतो. पूर्ण वजन भरा, वारा शून्य करा आणि मोजा. दहा टक्क्यांच्या आत आलं तर चांगलं.

त्यानंतर आपली चाचणी, मे महिन्यातल्या दुपारच्या कऱ्हाडची. उंची अंदाजे १,९०० फूट, तापमान ४० अंश लावा. या उंचीला प्रमाण तापमान साधारण ११ अंश धरतात, म्हणजे हवा २९ अंशांनी जास्त तापलेली. दर अंशाला १२० फूट या ढोबळ हिशेबाने विमानाला आपण ५,३०० फुटांच्या वर असल्यासारखं वाटतं. धावपट्टीवरची धाव थंड समुद्रकिनाऱ्याच्या मानाने दीडपटीच्या आसपास लांबली पाहिजे आणि चढताना विमान रडतखडत वर गेलं पाहिजे. तापमान बदलूनही काहीच फरक पडला नाही, तर विमानाच्या रकान्यात सरळ काट मारा.

स्टॉलपर्यंत नेताना रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, मुद्दाम एका बाजूला दाबून बघा. एका बाजूचा पंख खाली पडून विमान गिरकीत जायला हवं. थ्रॉटल पूर्ण देऊन धावताना नाक डावीकडे ओढलं गेलं पाहिजे. नाही गेलं, तर सेटिंगमधली 'मदत' चालू राहिलीय का, ते आधी तपासा.

६. हवा

थेट हवामान म्हणजे खिडकीबाहेरचं हवामान नव्हे. विमानतळांचे ताजे अहवाल आणि संगणकाने काढलेला अंदाज यांचं ते मिश्रण असतं, आणि आपल्याला जवळचे मोठे विमानतळ म्हणजे पुणे आणि कोल्हापूर. महाबळेश्वरात वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पूर्वेला नव्वद-शंभर किलोमीटरवरच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक मोठ्या चौकटींच्या अंदाजात गुळगुळीत होऊन जातो. जुलैत महाबळेश्वर ते दहिवडी असं उडून बघा. ढगांची भिंत वाईच्या आसपास मागे पडून पुढे आकाश मोकळं होत गेलं, तर हवेच्या रकान्यात भरपूर गुण द्या.

कड्यावर आदळून वर उठणारा आणि पलीकडे खाली दाबणारा वारा हल्ली काही सिम्युलेटर दाखवतात. पाचगणीला पॅराग्लायडिंग करणाऱ्या कुणाला शेजारी बसवून विचारलंत तर पाच मिनिटांत निकाल लागेल.

७. माणसं, आणि शरीर

आतला आपोआप बोलणारा कंट्रोलर साचेबंद बोलतो. त्याच्याकडून फार मागू नका. खरं संभाषण हवं असेल तर व्हॅटसिमसारखं नेटवर्क आहे, जिथे खरी माणसं स्वयंसेवक म्हणून कंट्रोलरचं काम करतात. मात्र आपल्या भागात तुम्ही उडाल तेव्हा कुणी ऑनलाइन असेलच असं नाही.

शरीराच्या बाबतीत तर हात टेकावेच लागतात. वळणात अंग जड होणं, खाली येताना पोटात गोळा येणं, वेग वाढला की कंट्रोल हाताला घट्ट लागणं, यातलं काही साध्या जॉयस्टिकवर मिळत नाही. विमान कंपन्यांचे सहा दिशांना हलणारे सिम्युलेटरसुद्धा हे अंशतःच देतात. घरच्या पीसीवरचे तास वैमानिकाच्या लॉगबुकात चढत नाहीत. चेकलिस्ट, उपकरणं वाचणं, रेडिओची भाषा यांचा सराव मात्र घरबसल्या खरोखर होतो.

८. नेट आणि वीज

मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या आवृत्तीने किमान १० आणि शिफारस म्हणून ५० एमबीपीएस सांगितले होते. सलग १० चा वेग वापरला गेला तर तासाला साडेचार जीबी जातात. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर उडायचं ठरवलंत तर पॅक अर्ध्या तासाच्या आत संपेल. गावात फायबर नसेल, तर जमीन आधीच डिस्कवर उतरवून ठेवता येते का, हा प्रश्न ग्राफिक्सच्याही आधी विचारा. युपीएस घ्याच, कऱ्हाडच्या अंतिम टप्प्यावर असताना वीज गेली की पुण्यापासून परत.

९. पहिले दोन तास

१९ नोव्हेंबर २०२४ ला २०२४ ची आवृत्ती आली तेव्हा सर्व्हर गर्दीखाली दबले आणि अनेक जण लोडिंगच्या पडद्यावरच अडकले. पहिला आठवडा तसाच जाऊ द्या, काही बिघडत नाही.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलं तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या खाली असेल, तरच पैसे परत मिळतात. मेख अशी की सिम्युलेटर उघडून आत होणारं डाउनलोडही खेळलेल्या वेळात मोजलं जातं. २०२० ला नेमकं हेच झालं होतं. त्यामुळे नेट धिमं असेल आणि सिम्युलेटर गेम पासवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मासिक वर्गणीत, येणार असेल, तर एका महिन्याचं गेम पास स्वस्त पडतं. स्टीमवरच घ्यायचं असेल तर क्रम आधीच ठरवून बसा: जॉयस्टिक जोडणी, सेसनाचे आकडे, तापलेलं कऱ्हाड, मग सज्जनगड आणि प्रीतिसंगम. आल्प्स आणि मॅनहॅटन दोन तास उलटल्यावर, पैसे परत मागायचे नाहीत हे ठरलं की.