सुट्टीच्या दोन दिवसांत घर रंगवताय? या चुका टाळा

एखादी भिंत, एखादं दार, जुनं स्टूल किंवा खिडकीचं ग्रिल. एवढंच रंगवलं तरी खोलीचा नूर पालटतो, आणि हे काम दोन दिवसांत सहज होतं. पण महिन्याभरात पोपडे आले किंवा पट्टे दिसायला लागले, की लोक डब्यातल्या रंगाला नावं ठेवतात. दोष बहुतेक वेळा त्या रंगाच्या खाली असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधीचा रंग कोणता आहे ते न बघणं. मी एकदा कपाटाची दारं इमल्शनने, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाने, रंगवली. दोन हात दिले, सुरेख दिसत होती. आठवड्याने मुठीपाशी नख लागलं आणि रंग सालीसारखा सोलून हातात आला. खाली चकचकीत ऑइल पेंट होता आणि मी तो घासलाच नव्हता. तेव्हापासून मी आधी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात थोडा वेळ चोळून बघते. रंग बोळ्यावर उतरला तर तो पाण्याचा. नाही उतरला तर बहुधा ऑइल पेंट. ऑइल पेंट असेल तर साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा, १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, भुकटी ओल्या फडक्याने पुसा आणि चकचकीत पृष्ठभागावर चालणाऱ्या प्राइमरचा (रंगाआधी लावायच्या थराचा) एक हात द्या. सगळा रंग खरवडायचा नाही, फक्त चमक घालवायची आहे. आधीच सोलत असेल तर मात्र सुटणारा रंग काढावाच लागतो, नाहीतर नवा रंगही त्याच्याबरोबर निघेल.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. घर फार जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते. अशा ठिकाणी कोरडं घासू नका. आधी तपासणी करून घ्या.

भिंतीला फुगे येत असतील किंवा मिठासारखी पांढरी भुकटी दिसत असेल, तर तो ओलीचा प्रश्न आहे. त्यावर कितीही हात दिले तरी ते वाया जातात. साधारण हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि एक दिवस थांबा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल आतून येतेय. आधी गळती शोधा. खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेत दमटपणा जास्त आहे. तिथे खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती केली तर फरक पडतो.

भिंतीवर पुट्टीने भोकं बुजवून लगेच रंग मारला, की तेवढेच ठिपके निस्तेज दिसतात. पुट्टी रंग शोषते, म्हणून त्या ठिपक्यांवर प्राइमर हवाच.

आता पट्ट्यांचं. रोलरचे पट्टे उमटतात कारण आधीची कड सुकल्यावर आपण तिच्यावरून परत फिरतो. हातभर रुंदीची पट्टी वरपासून खालपर्यंत पूर्ण करा आणि तिची कड ओली असतानाच पुढची घ्या. भिंत मध्येच सोडून फोन घ्यायला जाऊ नका. अर्धवट सुकलेल्या जागी ‘जरासा’ ब्रश फिरवण्याचा मोह तर अजिबात नको, डाग हमखास राहतो. पट्टे आलेच असतील तर पूर्ण सुकू द्या, २२० नंबरच्या पेपरने हलकं घासा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतीला एक हात द्या. ओघळांनाही हाच इलाज, फक्त ते आतपर्यंत कडक झाल्यावरच घासा.

रंग मध्येच संपला आणि दुसरा डबा आणला, तर छटेत किंचित फरक पडू शकतो. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १० चौरस मीटर भिंत होते. तो हिशेब आधी करा, आणि दोन डबे लागणार असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या.

मास्किंग टेप रंग पूर्ण सुकल्यावर ओढली की कड फाटते. शेवटचा हात थोडा ओला असतानाच ती हळूहळू तिरकी ओढा. राहून गेली असेल, तर आधी कडेने धारदार ब्लेड फिरवा.

ग्रिलवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून त्याच दिवशी लोखंडाचा प्राइमर लावा. एक दमट रात्र गेली तरी गंज पुन्हा धरतो.

आणि कपाटाची दारं लगेच बंद करू नका. हाताला कोरडा लागणारा रंग आतून कडक व्हायला दोन ते चार आठवडे घेतो, तोवर दार चौकटीला चिकटतं आणि उघडताना टवका उडतो. पहिले काही दिवस दार किंचित उघडं ठेवा, आणि चौकटीला जिथे टेकतं तिथे मेणकागदाची पट्टी लावा.