भिशीचा हप्ता बँकेच्या कागदावर कसा आणावा

इंदूरला आलेल्या माणसाला खोलीआधी भिशी मिळते, असं आम्ही गमतीने म्हणतो. जळगाव-धुळ्याकडून आलेली कितीतरी कुटुंबं इथे आहेत. नवरा पीथमपूरला कारखान्यात, बायको कुणाकडे पोळ्यांना, पण महिन्याची ‘बीसी’ (भिशीला इथे सगळे हेच म्हणतात) चुकत नाही. तीच बाई शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला गेली की बँकेच्या लेखी तिची पाटी कोरी. इतकी वर्षं भरलेले हप्ते कुठे लिहिलेलेच नसतात!

आधी वही घाला. बाराजणी, दरमहा 2,000 रुपये, म्हणजे चिठ्ठी लागेल तिला 24,000. नावं, तारीख, कुणाचा नंबर कधी लागला, सगळं लिहून प्रत्येकीची सही घ्या. आमच्या भिशीत एकीने दुसऱ्याच महिन्यात रक्कम उचलली आणि चौथ्या महिन्यात गाव सोडलं. उरलेल्यांनी खड्डा भरला. तेव्हापासून नव्या सदस्याला पहिल्या तिमाहीत नंबर हवा असेल, तर दोन जुन्या बायका जामीन राहतात. हा नियम कडक वाटतो, पण खोलीच्या डिपॉझिटसाठी पैसे लागतात ते नव्यालाच, म्हणून सरसकट मागे ढकलणंही मला पटत नाही.

मग रोख बंद करा. पैसे भिशी चालवणारीच्या खात्यात गोळा करण्यापेक्षा जिचा नंबर लागला तिलाच अकराजणींनी थेट यूपीआयने पाठवावेत आणि शेऱ्यात ‘भिशी जून’ असं लिहावं. पैसा कुणाच्या घरी रात्रभरही राहत नाही, आणि प्रत्येकीच्या पासबुकात नोंद पडते.

एवढ्याने बँक कर्ज देणार नाही. शिवाय एक अडचण आहे. 1982 च्या चिट फंड कायद्यानुसार सरकारची परवानगी आणि नोंदणी नसलेली चिट चालवता येत नाही, आणि चिठ्ठ्या टाकून नंबर काढणं त्याच व्याख्येत येतं. बोली लावून, कमिशन घेऊन, अनोळखी लोक जमवून भिशी चालवायची असेल तर नोंदणीशिवाय पर्याय नाही. चालकाचं कमिशनही जास्तीत जास्त 7 टक्के.

घरगुती मंडळींसाठी सोपी वाट बचत गटाची. 1992 मध्ये नाबार्डने (शेती आणि ग्रामविकासासाठीची राष्ट्रीय बँक) बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. गटात 10 ते 20 जण असावेत, नोंदणी सक्तीची नाही. फरक लक्षात घ्या: भिशीची थैली दर महिन्याला रिकामी होते, गटाचे पैसे साठतात आणि त्यातूनच सदस्यांना कर्ज मिळतं. आमच्यातल्या काहींनी भिशीचा हप्ता कमी करून 500 रुपये गटाकडे वळवले.

खातं उघडताना गटाचा ठराव, नियमावली, सदस्यांची यादी न्या. बचत खात्याला फक्त पदाधिकाऱ्यांचं केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) पुरतं. आधारवर पत्ता अजून जळगावचा असला तरी घाबरू नका. आधारची ई-केवायसी केली की सध्याच्या पत्त्यासाठी स्वतःचं घोषणापत्र चालतं. काउंटरवर ‘नाही’ म्हणाले तर मॅनेजरकडे जा.

पुढे साधारण सहा महिने बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब वेळच्या वेळी झाले, की बँक गटाची पारख करते. सुरुवातीला बचतीच्या एकपट ते चौपट कर्ज मिळू शकतं. खरी कमाई मात्र या कर्जाच्या नोंदीची आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन अ‍ॅसेट फंड या संस्थेने 2008 पासून हेच केलं. मेक्सिकोहून आलेले लोक जिला ‘तांदा’ म्हणतात, त्या त्यांच्या भिशीला बिनव्याजी कर्जाचं रूप दिलं आणि प्रत्येक हप्ता क्रेडिट ब्युरोला, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवला.

आपल्याकडेही 2016 मध्ये रिझर्व्ह बँकेने गटकर्जाची माहिती सदस्यनिहाय कळवण्याच्या सूचना बँकांना दिल्या. म्हणून कर्ज घेताना प्रत्येकीचं नाव आणि ओळखपत्र यादीत नीट गेलंय का ते विचारा. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव आणि पॅनवर माहेरचं असेल, तर ते आधी सारखं करून घ्या. नाहीतर एकीचे हप्ते दोन वेगळ्या बायकांच्या नावावर पडायचे. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा अहवाल फुकट मिळतो. पहिल्या कर्जाचे सहा-आठ हप्ते झाले की तो मागवा आणि वहीशेजारी ठेवून तपासा.